धीर, शून्य ते चार

कॅन्सर झालेल्या माणसाचं मनोबल किती आहे हे मोजण्यासाठी मानसशास्त्रात प्रश्नावल्या आहेत. त्यांची परीक्षा संख्याशास्त्रज्ञ घेतात: विधानं एकमेकांशी जुळतात का, तोच माणूस काही दिवसांनी तसंच उत्तर देतो का, वगैरे. ती परीक्षा आवश्यकच आहे. पण प्रश्नावली हा एक मजकूरही असतो. त्यात बोलणारा एक ‘मी’ असतो, क्रियापदांना काळ असतो, काही गोष्टी विचारलेल्या असतात आणि काही विचारायच्या राहून गेलेल्या. कादंबरी वाचताना आपण सहज विचारतो, की हे कोण बोलतंय, नायक कोण आहे, पडद्याआड कोण राहिलं. हे प्रश्न या मजकुराला फारसं कुणी विचारत नाही. या लेखात ते विचारायचे आहेत, कारण हा मजकूर केमोथेरपीच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या हातात दिला जातो आणि त्याखाली येणाऱ्या बेरजेवरून त्या माणसाबद्दल एक मत बनवलं जातं.

या क्षेत्रात खूप वापरली जाणारी एक मोजपट्टी म्हणजे कॉनर-डेव्हिडसन रेझिलियन्स स्केल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या कॅथरिन कॉनर आणि जोनाथन डेव्हिडसन यांनी ती २००३ साली प्रसिद्ध केली. पंचवीस विधानं, प्रत्येकापुढे पाच पर्याय: ‘अजिबात खरं नाही’ला शून्य, ‘जवळपास नेहमीच खरं’ला चार. गेल्या महिन्याभरातला स्वतःचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवून खुणा करायच्या. सगळ्याची बेरीज शून्य ते शंभर. मूळ अभ्यासात सर्वसामान्य अमेरिकन नागरिकांची सरासरी ऐंशीच्या आसपास आली होती, आणि आघातानंतरच्या मानसिक विकाराने त्रस्त असलेल्यांची पन्नाशीच्या आसपास. त्या अभ्यासात सर्वसामान्य लोक होते, दवाखान्यात येणारे नेहमीचे रुग्ण होते, मनोविकारांवर उपचार घेणारे होते. कॅन्सरच्या रुग्णांचा वेगळा गट नव्हता. पुढे मात्र ही मोजपट्टी कितीतरी देशांतल्या कॅन्सर वॉर्डांत पोहोचली.

त्यातली विधानं आली कुठून, हे मूळ निबंधात सांगितलेलं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. एक स्रोत म्हणजे सुझान कोबासा यांचं ‘हार्डीनेस’वरचं काम. १९७९ साली त्यांनी इलिनॉयमधल्या एका टेलिफोन कंपनीतले मधल्या आणि वरच्या फळीतले अधिकारी अभ्यासले होते. ताण खूप असूनही आजारी न पडणारे कोण, आणि का? त्यांना तीन गुण सापडले: कामातली बांधिलकी, परिस्थितीवर आपलं नियंत्रण आहे ही भावना, आणि बदलाकडे आव्हान म्हणून पाहणं. दुसरा स्रोत ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर यांचं संशोधन. तिसरा स्रोत अनपेक्षित आहे: अंटार्क्टिकावर गेलेल्या शॅकल्टनची मोहीम. त्या संकटात नेत्याच्या ठायी जे गुण दिसले, त्याची जी श्रद्धा दिसली, तीही विधानं तयार करताना विचारात घेतली गेली.

म्हणजे या मजकुराचा ‘मी’ दोन माणसांच्या जोडकामातून घडला आहे. एक बढतीच्या वाटेवरचा अधिकारी, दुसरा बर्फात अडकलेला कप्तान. दोघेही पुरुष, दोघेही हाताखाली माणसं असलेले, दोघांनाही निर्णय घ्यायचा अधिकार होता. शॅकल्टनची गोष्ट तर सांगावी तेवढी थोडी. १९१५ साली त्याचं ‘एंड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडलं गेलं, तरी त्याच्यासोबतचे सत्तावीसच्या सत्तावीस लोक जिवंत परतले. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या विरुद्ध बाजूला, रॉस समुद्राकडे, शॅकल्टनसाठी शिधा पेरत होती. तो तिथवर आलाच नाही. त्या तुकडीतले तीन जण मेले. त्यांनी दिलेलं काम पूर्ण केलं होतं. चिकाटीत ते कुठेही कमी नव्हते. लवचीकतेच्या कथेत मात्र त्यांचं नाव येत नाही, कारण ही कथा शेवटाकडून मागे वाचली जाते. जो वाचला त्याच्यात काय होतं ते शोधायचं आणि त्याला गुण म्हणायचं. कॅन्सरच्या बाबतीत हीच पद्धत वापरली, की जो गेला त्याच्यात काहीतरी कमी होतं असा अर्थ आपोआप निघतो. कुणी तो मुद्दाम काढत नसेल, पण वाक्याची रचनाच तो काढते.

आता काळ पाहू. पंचवीस विधानांपैकी एकाचा आशय असा आहे, की आजार, इजा किंवा अन्य संकटानंतर मी पूर्ववत होतो. निरोगी माणसाला हे विचारलं तर तो मागच्या टायफॉइडची आठवण काढून उत्तर देईल. पण जिचा केमोथेरपीचा चौथा फेरा चालू आहे तिला हे विचारलं, तर ती काय सांगणार? तिचं संकट ‘नंतर’च्या अलीकडे आहे. आणि ज्याचा आजार हाडांत आणि यकृतात पसरला आहे, त्याच्यासाठी ‘पूर्ववत’ हा मुक्कामच नकाशावर नाही. त्याने शून्यावर खूण केली तर ते मनोबल नसल्याचं लक्षण समजायचं, की स्वतःच्या परिस्थितीचं नेमकं भान असल्याचं? मोजपट्टीला हा फरक कळत नाही. याच मोजपट्टीची दोनच विधानांची एक आवृत्ती २००७ साली निघाली. तिच्यात ठेवलेल्या दोन विधानांपैकी एक नेमकं हेच आहे.

त्याच वर्षी दहा विधानांचीही आवृत्ती आली. लॉरा कॅम्पबेल-सिल्स आणि मरे स्टाइन यांनी ती सॅन दिएगोतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून तयार केली. छोटी आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने नीटनेटकी असल्यामुळे ती पटकन रुळली. दमलेल्या रुग्णाला पंचवीसपेक्षा दहा प्रश्न बरे, हे खरंच. पण कात्री कुठे चालली ते बघा. जवळच्या, भरवशाच्या नात्यांबद्दलचं विधान गेलं. मदत लागली तर कुणाकडे जायचं हे ठाऊक असण्याबद्दलचं गेलं. देव किंवा नियती मदतीला येते, घडतं त्यामागे काही कारण असतं, या आशयाची दोन्ही गेली. विनोदबुद्धीबद्दलचं राहिलं, स्वतःला कणखर समजण्याबद्दलचं राहिलं, अपयशाने खचून न जाण्याबद्दलचं राहिलं. गाळलेली विधानं बाकीच्यांशी गणिती दृष्ट्या नीट बसत नव्हती, हे कारण प्रामाणिक आहे. पण विशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या उत्तरांत जे नीट बसलं नाही ते, म्हणजे माणसं आणि देव, परळच्या फुटपाथवर पथारी टाकून टाटा हॉस्पिटलच्या तारखेची वाट बघणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा शिल्लक असलेलं सगळं भांडवल असतं. त्या कुटुंबाला आपण दहा प्रश्न विचारतो, आणि त्यांच्या आधाराचे जे दोन खांब आहेत त्यांच्याबद्दल एकही विचारत नाही.

इथे भाषेचा मुद्दा येतो. अशी मोजपट्टी दुसऱ्या भाषेत न्यायची एक ठरलेली रीत आहे. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळतात का ते पाहायचं. ही रीत शब्दांच्या चुका पकडते. पण शब्दामागचं चित्र बदललं तर ते तिला दिसत नाही. ‘रेझिलियन्स’चं मूळ लॅटिन क्रियापद मागे उडी घेण्याचं आहे. अभियांत्रिकीत तो धातूचा किंवा लाकडाचा गुण झाला: ताण सोसून, तुटल्या-वाकल्याशिवाय मूळ आकाराला येण्याची क्षमता. १९७३ साली हॉलिंग यांनी तो शब्द जंगलं आणि तळी यांच्या अभ्यासात आणला. त्याआधीपासून बालमानसशास्त्रात त्या अर्थाची चर्चा सुरू होती. शासकीय मराठीत आपण त्याला ‘लवचीकता’ म्हणतो. पण खेड्यातल्या बाईला ‘तुम्ही मनाने लवचीक आहात का?’ असं विचारलं तर ती गोंधळेल, किंवा आपण सारखं मत बदलतो असं हे म्हणतायत की काय, असा संशय घेईल.

मराठीत या अनुभवासाठी रोजच्या वापरातले शब्द आहेत: सावरणं, तग धरणं, उभारी, सोसणं, हिंमत आणि धीर. त्यांचं व्याकरण नीट पाहिलं तर मजेशीर गोष्ट दिसते. ‘सावरणं’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं. ‘ती सावरली’ असंही आपण म्हणतो आणि ‘तिच्या जावेने तिला सावरलं’ असंही. एकाच शब्दात स्वतः उभं राहणं आहे आणि दुसऱ्याने हात देणंही आहे. ‘धीर’ तर याहून पुढचा. धीर धरतात, धीर सुटतो, धीर खचतो. पण मुख्य म्हणजे धीर देतात. बोलणाऱ्याच्या डोक्यात तो माणसाच्या आत बसवलेला सुटा गुण नसतो, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वस्तू असते. कुणी तरी दिला म्हणून कुणी तरी धरला. मग ‘तुमच्याकडे धीर किती, शून्य ते चार?’ हा प्रश्न मराठीत अर्धाच राहतो. ‘कुणी दिला?’ आणि ‘द्यायला कुणी आहे का?’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग मोजपट्टीत नाही.

याचा अर्थ आपली भाषा शहाणी आणि त्यांची मोजपट्टी अडाणी, असा काढू नये. आपल्याकडेही रुग्णाच्या डोक्यावर ओझं ठेवणारी भाषा भरपूर आहे. कुणी प्रसिद्ध व्यक्ती कॅन्सरने गेली, की बातमीत ‘झुंज अपयशी ठरली’ हे शब्द छापूनच येतात. बरी झाली तर तिने ‘मात’ केली. ‘मात’ हा शब्द बुद्धिबळातला, म्हणजे खेळाडूच्या डोक्यावर सगळं. हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ १९७१चा. त्यातला राजेश खन्नाचा नायक आतड्याच्या कॅन्सरने मरायला टेकलेला असतो, पण मुंबईत येऊन सगळ्यांना हसवतो, आणि खचतो तो त्याचा डॉक्टर. तो सिनेमा गोड आहे, त्याने खूप लोकांना रडवलं आहे. पण आदर्श रुग्ण कसा असावा याचं चित्र त्याने आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात पक्कं केलं: पैशाची चिंता नसलेला, उलट्या न होणारा, भेटायला आलेल्यांचं मन रिझवणारा. वॉर्डात भेटीच्या वेळी कितीतरी रुग्ण ही भूमिका वठवतात, आणि नातेवाईक खाली येऊन ‘केवढी हिंमत आहे’ असं म्हणतात. प्रश्नावली हातात आली की तीच भूमिका कागदावर उतरते. समोर पांढरा कोट असला, आणि उपचार त्याच्याच मर्जीवर आहेत असं वाटत असलं, की ‘बरं चाललंय’ हे उत्तर आधीच तयार असतं.

हसऱ्या, लढाऊ रुग्णाबद्दलच्या या ओढीला एके काळी विज्ञानाचा आधार मिळाला होता. स्टीव्हन ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६९ स्त्रियांचा अभ्यास छापला. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी त्यांच्या मनाची प्रतिक्रिया नोंदवली होती. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा ‘लढाऊ वृत्ती’ दाखवणाऱ्या, आणि आजार चक्क नाकारणाऱ्याही, स्त्रियांची स्थिती निमूट स्वीकारणाऱ्या किंवा हताश झालेल्या स्त्रियांपेक्षा चांगली निघाली. यातला नाकारण्याचा भाग लोक विसरले, लढाऊ वृत्ती लक्षात राहिली. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या स्तन-कॅन्सरच्या ८६ स्त्रियांबद्दल लिहिलं: ज्यांना गट-उपचार मिळाले त्या सरासरी जवळपास दुप्पट जगल्या.

पुढे काय झालं ते फार कमी लोकांपर्यंत पोहोचलं. १९९९ साली मॅगी वॉटसन यांनी, ग्रीअर यांच्यासह, ५७८ स्त्रियांचा अभ्यास त्याच ‘लॅन्सेट’मध्ये छापला. लढाऊ वृत्तीचा आयुर्मर्यादेशी संबंध दिसला नाही. हताशपणा आणि तीव्र नैराश्य यांचा मात्र काही प्रमाणात वाईट परिणाम दिसला. २००१ साली पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत गट-उपचारांनी मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या, आयुष्य मात्र वाढलं नाही. २००७ साली खुद्द स्पीगल यांनी आपला प्रयोग पुन्हा केला आणि जगण्याची मुदत वाढल्याचं एकूणात आढळलं नाही, हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जेम्स कॉइन यांनी डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. भावनिक स्थितीवरून कोण किती जगेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. तोंडाच्या कॅन्सरने ग्रासलेल्या आपल्या देशासाठी हा शेवटचा अभ्यास विशेष महत्त्वाचा. ग्रीअर आणि स्पीगल यांचं कौतुक अशासाठी, की आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या कामात ते सहभागी झाले. पण निष्कर्ष मागे घेता येतो, त्यातून निघालेली म्हण मागे घेता येत नाही. ‘मन खंबीर ठेवा, निम्मा आजार तिथेच बरा होतो’ हे वाक्य आजही प्रत्येक वेटिंग रूममध्ये फिरतं.

साहित्याने हा धोका आधी ओळखला होता. सुझन सोन्टॅग यांना १९७५ साली कॅन्सरचं निदान झालं आणि १९७८ साली त्यांचं ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ आलं. क्षयरोगाचं कारण कळेपर्यंत लोक तो स्वभावाला चिकटवत होते, तसंच कॅन्सरचं दाबून ठेवलेल्या भावनांशी नातं जोडलं जातंय, आणि त्यातून रुग्णालाच दोषी धरलं जातंय, हा त्यांचा युक्तिवाद होता. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णी कवयित्रीने ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये (१९८०) स्तन काढल्यानंतरचा प्रसंग लिहिला आहे. कृत्रिम स्तन न लावता ती डॉक्टरकडे गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने सुचवलं, की असं येण्याने इथल्या सगळ्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो. या एका प्रसंगात मनोधैर्याच्या मोजमापाची सगळी अडचण आहे. कुणाचं मनोधैर्य? रुग्णाचं, की तिला बघावं लागणाऱ्यांचं? बार्बरा एरेनराइक यांनी २००१ साली ‘हार्पर्स’मध्ये आपल्या स्तन-कॅन्सरबद्दल लिहिताना गुलाबी रिबिनींच्या त्या सक्तीच्या आनंदीपणाचा समाचार घेतला, आणि २००९च्या पुस्तकात तो धागा पुढे नेला.

यावर कुणी म्हणेल, की मग मोजूच नये का? मोजमापाच्या विरोधात लिहिणं सोपं असतं, आणि साहित्यातली माणसं ते जरा जास्तच सहज करतात. न मोजण्याचा काळही आपण पाहिला आहे. त्या काळात रुग्णाला निदानच सांगत नसत, त्याच्या मनाची चौकशी तर दूरच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १९७७ पासून जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सर-रुग्णांच्या मनाचा विभाग उभा केला, तो याच दुर्लक्षाविरुद्ध. डॉक्टरांना आकडे कळतात, तर आकड्यांत सांगू, अशी त्यांची व्यवहारी भूमिका. आणि गंमत म्हणजे, सकारात्मक विचारांची जुलूमशाही हा शब्दप्रयोग रुजवला तोही त्यांनीच.

हॉलंड यांच्याच प्रयत्नांतून आलेलं एक साधन तुलनेसाठी फार उपयोगी आहे: ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’. १९९८ साली अँड्र्यू रॉथ, हॉलंड आणि सहकाऱ्यांनी ते प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवर वापरून पाहिलं. कागदावर तापमापकाचं चित्र, शून्य ते दहा, आणि प्रश्न एकच: गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास होतोय? ‘नैराश्य’ किंवा ‘मनोविकार’ हे शब्द मुद्दाम टाळलेले, कारण त्यांनी माणूस बिचकतो. आज प्रचलित असलेल्या वापरात आकडा चार किंवा वर गेला, की रुग्णालयाने पुढची चौकशी करायची. आकड्याशेजारी अडचणींची यादी असते, आणि तीत झोप, वेदना, भीती यांच्या जोडीला येण्या-जाण्याची सोय, राहण्याची जागा, पैसा, मुलांना सांभाळणं हेही असतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत आकडे आहेत, दोन्ही दोन-पाच मिनिटांत भरून होतात. थर्मामीटरवर आकडा वाईट आला, तर काम रुग्णालयाला लागतं: वेदनाशामक वाढवा, समाजसेवकाला बोलवा, धर्मशाळेत जागा बघा. लवचीकतेच्या मोजपट्टीवर आकडा वाईट आला, तर काम रुग्णाला लागतं: तुम्ही कणखर व्हा, त्यासाठी आठ आठवड्यांचं प्रशिक्षण घ्या. एक कागद विचारतो, की तुझ्यावर काय काय पडलं आहे. दुसरा विचारतो, की ते झेलायला तू कितपत लायक आहेस. माझा आक्षेप मोजण्याला नाही, या दुसऱ्या प्रश्नाला आहे, आणि तोही पहिल्या प्रश्नाचं उत्तर न देता विचारला जातो तेव्हा.

आपल्याकडे हा फरक अगदी रोखठोक आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फीन मिळवणं इतकं किचकट झालं, की कॅन्सरच्या असह्य वेदनांवरचं हे स्वस्त औषध कित्येक रुग्णालयांनी ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल केले, पण गावपातळीवर ते पोहोचणं अजून बाकी आहे. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठी वांद्र्यात शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, ते देशातलं अशा प्रकारचं पहिलं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं बाहेरगावच्या कॅन्सर-रुग्णांना आसरा देते आहे. समजा, विदर्भातून आलेल्या दोन रुग्णांचा आजार सारखा आहे. एकाला धर्मशाळेत खोली मिळाली, वेळेवर मॉर्फीन मिळालं; दुसऱ्याला दोन्ही नाही. महिन्याने दोघांना ती पंचवीस विधानं दिली, तर आकड्यांत फरक पडेल यात शंका नाही. त्या फरकाला आपण दोन माणसांच्या मनांतला फरक म्हणू, आणि आपल्या अहवालात तसा तक्ता देऊ. खोली आणि मॉर्फीन तक्त्यात नसतील.

संशोधकांना यातलं काही ठाऊक नाही, असं समजू नये. २०११ साली गिल विंडल आणि सहकाऱ्यांनी लवचीकतेच्या एकोणीस मोजपट्ट्या तपासल्या, आणि यातली एकही प्रमाण मानावी अशी नाही, असा निष्कर्ष काढला. चीनमध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी स्वतंत्र मोजपट्टी तयार झाली, आणि तिच्यात इतरांच्या आधाराला पुन्हा जागा मिळाली. मायकल रटर, ज्यांच्या कामाचा आधार कॉनर-डेव्हिडसन यांनी घेतला, ते तर सतत सांगत आले, की लवचीकता हा माणसाचा स्थिर गुण नाही. परिस्थिती आणि माणूस यांच्यात काय घडतं यावर ती अवलंबून आहे. हवाईच्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा दशकानुदशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसनी पालक, भांडणं असं सगळं वाट्याला येऊनही जी मुलं नीट वाढली, त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळणारी गोष्ट म्हणजे जीव लावणारं किमान एक मोठं माणूस: आजी, शेजारीण, शिक्षक. रेझिलियन्सच्या अभ्यासाची सुरुवातच ‘धीर कुणी दिला’ या प्रश्नाने झाली होती. मोजपट्टी छोटी करता करता तो हरवला.

मोजण्याचा याहून बरा मार्गही आहे. जॉर्ज बोनानो आणि त्यांच्या पद्धतीने काम करणारे संशोधक रुग्णाला ‘तू कणखर आहेस का’ असं विचारत नाहीत. ते ठरावीक अंतराने त्याचा त्रास मोजत राहतात आणि त्या रेषेचा आकार पाहतात. हाँगकाँगमधल्या स्तन-कॅन्सरच्या स्त्रियांवर असं काम झालं, तेव्हा बहुसंख्य स्त्रियांचा त्रास सुरुवातीपासून फारसा वर गेलाच नाही. काहींचा वर जाऊन उतरला, काहींचा उशिरा उतरला, काहींचा उतरलाच नाही. यातून दोन गोष्टी मिळतात. सावरणं ही विरळा वीरांची मक्तेदारी नाही, बहुतेक साधी माणसं ते गाजावाजा न करता करतात. आणि ज्यांची रेषा उतरत नाही त्यांच्याकडे लक्ष द्यायचं आहे, त्यांना गुण कमी द्यायचे नाहीत. पण हा मार्ग खर्चिक आहे. त्याला एकाच माणसाकडे वर्षभर परत परत जावं लागतं. पदव्युत्तर प्रबंधाला सहा महिन्यांत शंभर नमुने हवे असतात, म्हणून पुन्हा तीच पंचवीस किंवा दहा विधानं छापून वाटली जातात.

आपल्या विद्यापीठांत आणि रुग्णालयांत अशा मोजपट्ट्यांची भाषांतरं पुढेही होत राहतील. ती करणाऱ्यांकडून थोडीच अपेक्षा आहे. मजकूर मराठीत आणताना तो ज्याला वाचून दाखवायचा आहे त्याच्या बाजूने एकदा वाचावा. ‘पूर्ववत’ हा शब्द चौथ्या टप्प्यातल्या रुग्णापुढे ठेवण्याआधी थांबावं. स्वतःबद्दलच्या प्रत्येक विधानाजवळ एक विधान सोबतच्या माणसांबद्दल, औषधाबद्दल आणि निवाऱ्याबद्दल असावं. आणि छपाईला देण्याआधी कागदाच्या मागे लिहून ठेवावं, की आकडा कमी आला तर उद्या सकाळी कुणी काय करायचं आहे. तिथे लिहायला रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव सुचत नसेल, तर तो कागद अजून वॉर्डात न्यायच्या लायकीचा झालेला नाही.